नत्थूजींच्या वहीवरचा पुठ्ठा

मी एक पुठ्ठा बोलतोय. अंगाला चार चौकोनी खिडक्या असलेला. जन्म लुगड्यांच्या खोक्यातला, साल १९६८. नागपुरातल्या आमच्या विणकर समाजाच्या वधू-वर मंडळाचे चिटणीस नत्थूजी यांनी मला ब्लेडने कापले आणि खिडक्यांवर शाईने लिहिले: नाव, शिक्षण, उंची, गाव.

काम सोपे होते. मंडळाच्या वहीत एका ओळीत एक मुलगा किंवा एक मुलगी. पाहुणा समोर बसला की नत्थूजी वही त्याच्याकडे फिरवीत आणि मला हव्या त्या ओळीवर ठेवीत. खिडक्यांतून तेवढे चार तपशील दिसत. ओळ बदलली की माणूस बदले, मी तोच. एका दुपारी मी सहा नवरदेव आणि नऊ नवऱ्या दाखवल्या आहेत.

शेवटचा रकाना माझ्या कोऱ्या अंगाखाली झाकलेला असे. तो शेऱ्याचा. नत्थूजी घरोघरी जाऊन, स्वतः पाहून लिहीत. 'मुलगा सरळ, मामा भांडखोर.' 'वय दोन वर्षे चोरले.' पाहुणे मला उचलून खाली डोकावू पाहत, पण नत्थूजींचा अंगठा घट्ट असे.

१९७६ साली वही भरली. नवी आखताना नत्थूजींच्या मनात आले, काठावरचा शेरा पान उलटताना थुंकी लावलेल्या बोटांनी पुसला जातो. म्हणून त्यांनी तो आत घेतला, शिक्षणाच्या शेजारी. उंची आणि गाव एकेक घर पुढे सरकले. रेघा सुरेख आल्या. माझ्या खिडक्या मात्र जुन्याच राहिल्या.

त्याच आठवड्यात उमरेडचे रुपराव मुलाला, कृष्णकांतला, घेऊन आले. त्यांना दाखवायची होती गोपिका, नत्थूजींचीच लेक. शाळेत शिकवायची. तीन स्थळे परत गेली होती, आणि चौथे गेले तर पाचवे येईल याची घरात कोणाला खात्री नव्हती.

नत्थूजींनी मला ओळीवर ठेवले. वही त्यांना उलटी, आणि बापाचे मन. ते छताकडे पाहत बसले.

रुपराव मोठ्याने वाचू लागले. "नाव, गोपिका. शिक्षण, बी.ए., बी.एड. उंची..." ते अडले. "उंची, चिडकी. स्वयंपाक बेताचा. खोटे बोलत नाही. गाव, पाच फूट एक इंच. हे गाव कुठं आलं जी? भिवापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

नत्थूजींचा अंगठा माझ्यावर ओला झाला.

"सोताच्या पोरीबद्दल असं काहून लिवलं जी?"

"लोकाइच्या पोरींबद्दल लिवतो, तं आपलीले काहून सोडू?" नत्थूजी पुटपुटले.

तेवढ्यात गोपिका चहा घेऊन आली. तिने वही वाचली, मग बापाकडे पाहिले.

"खरं हाय काय वं पोरी हे?" रुपरावांनी विचारले.

"चहा पिऊन पाहा, मंग सांगा."

रुपरावांनी घोट घेतला. गिळला. "खरं हाय." मग म्हणाले, "आता माह्या पोराची ओळ काढा."

नत्थूजींचा नाइलाज झाला. मी चार ओळी खाली सरकलो. उंचीच्या खिडकीत लिहिले होते: 'मुलगा चांगला. बाप दुसऱ्याला बोलू देत नाही.'

वही खोटी पाडायची म्हणून की काय, रुपराव त्यानंतर पाच मिनिटे गप्प बसले. उमरेडात हे कोणाला सांगून पटले नसते. तेवढ्यात कृष्णकांतला तोंड उघडायला सवड मिळाली.

"तुमाले राग काहून येते जी?" त्याने गोपिकेला विचारले.

"कोणी असं विचारलं का येते."

तो हसला. मग तीही हसली. लग्न वैशाखात झाले.

पुढे नवा पुठ्ठा आला. मी आता रेघा मारायच्या कामाला आहे, कारण ठरलेल्या स्थळाची ओळ तांबड्या शाईने खोडायची असा मंडळाचा रिवाज आहे. गोपिकेची ओळ खोडायला नत्थूजींनी अकरा दिवस लावले. शेवटी मला ओळीखाली धरले आणि रेघ ओढली. ती वाकडी गेली. वही पाहाल तेव्हा एवढे माझ्यासाठी मानून घ्या, माझा काठ सरळ होता.