एकाच पोटातल्या दोन प्रती

या शहाणीला मी सोळा दिवस हाका मारत होते. आधी हळू, मग ठसक्यात, मग थंडीनं दात वाजावेत तशी कट्, कट्, कट्. तिनं काय केलं? अडून बसलेल्या म्हशीला मारतात तशा कम्प्युटरच्या डब्याला दोन थापा मारल्या आणि कानात गाणी घालून पुन्हा टाइप करायला बसली. पडद्यावर पिवळी चिठ्ठी आली, ‘डिस्क बिघडण्याची शक्यता आहे’. तिनं ‘नंतर आठवण करा’ दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा ‘नंतर’. मोठ्या माणसाचं दुखणं असं नंतरवर टाकतात का, मित्रांनो? तुमच्या घरी टाकत असतील तर त्यांनाही हे वाचायला द्या.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कम्प्युटरच्या डब्यात चार स्क्रूंनी आवळलेली, दिसायला एखाद्या जाडजूड पाकिटाएवढी. माझ्या आत आरशासारख्या दोन तबकड्या आहेत. त्यांच्यावर केसापेक्षाही बारीक अंतर राखून एक टोक तरंगत असतं. ते टेकत नाही. टेकलं की संपलं. मिनिटाला सात हजार दोनशे गिरक्या मी घेत होते. तुम्ही एक शिंक द्याल तेवढ्यात माझ्या शंभर फेऱ्या झालेल्या असत. माझं शिक्षण म्हणाल तर शून्य आणि एक. त्यापुढे मी गेले नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. एखादी गोष्ट आहे की नाही, एवढं ज्याला खात्रीनं सांगता येतं, त्याला पुष्कळ येतं.

माझा जन्म झाला त्या खोलीत माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून यायची. माझ्यावर झाकण बसवणारी बाई नुसती शिंकली तर तिला खोलीबाहेर काढलं आणि मला पुन्हा तीनदा तपासलं. इतक्या जपणुकीतली मी! आणि इथं? माझ्या डोक्यावर चहाचा कप, त्याच्यावर बशी, बशीत बिस्किटाचा चुरा.

या घरात मी सात वर्षांपूर्वी आले. आधी इथं दोन डिस्क होत्या. एकीला सी म्हणत, तिच्यावर काम. दुसरीला डी म्हणत, तिच्यावर कामाची प्रत. दोघी एकदम थकल्या, म्हणून दुरुस्तीवाल्यानं दोघींच्या जागी मला एकटीला बसवलं. शहाणी म्हणाली, “नावं मात्र तीच ठेवा हं, सी आणि डी. नाहीतर माझे सगळे प्रोग्राम गोंधळतील.” त्यानं माझ्या पोटात एक भिंत घातली. अलीकडची खोली सी, पलीकडची डी. भिंत नावापुरतीच, बाई एक, पोट एक. पहिले आठ-दहा दिवस शहाणीला हे आठवत होतं. मग ती विसरली.

शहाणी म्हणजे या घरची मुलगी. लहानपणी कौतुकानं पडलेलं नाव पुढे टोमण्यासारखं वापरात राहिलं. प्रोग्राम लिहिणं हा तिचा धंदा. मी कामाला अशी पोर पाहिली नाही. भूक विसरेल, फोन विसरेल, पण हातात घेतलेलं सोडणार नाही. खोट काढायची तिथं मी काढीन, पण हेही सांगीन.

तिचे बाबा बसस्थानकावर घोषणा द्यायचे. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे त्यांनी एकतीस वर्षं इतक्या वेळा म्हटलं की गावातली कुत्रीसुद्धा कान टवकारायची. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाज गेला. समजत सगळं होतं. डोळे बोलायचे, ओठ हलायचे आणि बाहेर नुसता वारा यायचा. आई समोर बसून विचारायची, “पाणी हवंय? पंखा? उशी?” बाबा डोळे मिटून घ्यायचे.

शहाणी एक दिवस बसस्थानकाच्या कोठीतून जुन्या कॅसेट घेऊन आली. पिशवीभर. फीत इतकी जीर्ण की एकदा वाजली आणि तुटली, दुसऱ्यांदा वाजायची सोय नाही. ते एकदाचं वाजणं तिनं माझ्यात उतरवून घेतलं. मग त्यातून एकेक शब्द कापून काढला, उरलेलं जागेसाठी पुसून टाकलं आणि प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकोन. प्रत्येक चौकोनात एक शब्द किंवा एक घोषणा. दिवा एकेका चौकोनावरून पुढे सरकतो. हवा तो चौकोन उजळला की बाबांनी डाव्या बोटाखालचं बटण दाबायचं. मग शब्द बोलला जातो, बाबांच्याच आवाजात.

काय मजा होती म्हणून सांगू! शब्द सगळे बसस्थानकाचे. चष्मा हवा असेल तर बाबा म्हणायचे, “हरवलेली वस्तू.” न्हाणीघरात जायचं असेल तर, “प्रसाधनगृह डावीकडे आहे,” आणि या घरात ते उजवीकडे. जावई, म्हणजे शहाणीच्या बहिणीचा नवरा, जेवायला उशिरा आला की, “ही गाडी अनिश्चित काळ उशिरा धावत आहे.” जावई हात जोडून म्हणायचा, “बाबा, पुढच्या वेळी वेळेवर सुटतो.” वाचा-उपचार करणारी बाई आली, ऐकून तिनं टाळ्या वाजवल्या. शेजारणी येऊन ऐकून गेल्या. सगळ्यांनी शहाणीचं कौतुक केलं. माझं कुणी केलं नाही. सवय आहे मला.

आणि एक शब्द घरचा होता. एकदा ध्वनिक्षेपक चालू राहिला असताना आई डबा देऊन परत निघाली होती आणि बाबा तिला मागून म्हणाले होते, “अगं, थांब जरा.” ते कॅसेटवर चढलं होतं. एकतीस वर्षांच्या आवाजात एकच ‘अगं’. या दोघांनी एकमेकांना कधी नावानं हाक मारली नाही. ती ‘अहो’ म्हणायची, हे ‘अगं’. झटक्यानंतर नऊ महिन्यांनी पडद्याच्या डब्यातून पहिल्यांदा ‘अगं’ आलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून “आले, आले” करत पदराला हात पुसत धावली. दारात पोचल्यावर तिला कळलं की हाक कुठून आली. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मी त्या क्षणीसुद्धा फिरतच होते, पण तो छोटासा शब्द माझ्या तबकडीवर नेमका कुठं आहे, हे मी त्या दिवसापासून पक्कं लक्षात ठेवलं.

आता शहाणीचं काय झालं ते ऐका. चांगल्याला आणखी चांगलं करायची हौस. रोज काहीतरी बदलायची आणि जुन्यावरच नवं लिहायची. एके दिवशी तिनं चौकोनांचा क्रम बदलला आणि दिव्याचा वेग वाढवला. बाबांच्या बोटाला जुना ठेका बसला होता. त्यांना पाणी हवं असायचं आणि डबा बोलायचा, “फलाट क्रमांक तीन.” पुन्हा दाबलं, “पाकीटमारांपासून सावध राहावे.” बाबा रडकुंडीला आले. बटण त्यांनी खाली ढकललं.

“कालचं परत आण की,” आई म्हणाली.

“कालचं नाहीये, आई. त्याच्यावरच लिहिलं मी.”

जावईही प्रोग्रामच लिहितो, पण मोठ्या कचेरीत. तो म्हणाला, “अहो शहाण्या बाई, किती वेळा सांगितलं, गिट वापर. प्रत्येक बदलाची नोंद राहते. कालचं, परवाचं, हवं तिथवर मागे जाता येतं.”

“ते तुमच्यासारख्या वीस जणांच्या कळपाला, एकाचं लिहिलेलं दुसरा खोडतो म्हणून. मी एकटी आहे. मी कोणाशी भांडणार?”

“कालच्या स्वतःशी,” जावई म्हणाला.

आई विणत बसली होती. तिनं विचारलं, “म्हणजे माझ्या दोऱ्यासारखं का ते? मी दर वीस ओळींनी टाक्यांतून एक लाल दोरा ओवून ठेवते. पुढं चुकलं तर दोऱ्यापर्यंत उसवायचं. त्याच्या खालचं सुटत नाही.”

“अगदी तेच, आई,” जावई म्हणाला.

“मग हिला का जमत नाही? मी तर चौथी नापास आहे.”

शहाणी चिडली. “आठवून आठवून करते मी नीट.” आठवून नीट करायला तिला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस बाबा गप्प. आणि इतकं करून ठेका जुना आला नाही तो नाहीच. बाबांना तो नव्यानं शिकावा लागला.

जावयानं जाताना विचारलं, “निदान प्रत तरी ठेवतेस ना?”

“दर रविवारी. डीवर.”

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर! एका खिशातलं पाकीट काढून त्याच सदऱ्याच्या दुसऱ्या खिशात ठेवायचं आणि म्हणायचं, आता सदरा हरवला तरी चिंता नाही. वर आणखी एक शहाणपणा. माझ्यात जागा पुरत नव्हती, म्हणून ती आधी डीवरची जुनी प्रत पुसायची आणि मग नवी टाकायची.

मी म्हातारी झाले होते. तबकडीवर जागोजागी चट्टे पडायला लागले. तरंगणारं टोक अडखळायचं, मागे फिरायचं, पुन्हा जायचं, कट्. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाहीच, पण ते सोळा दिवस मी निराळ्याच घाईत होते. एकेक फाइल मी दहा-दहा वेळा चाचपून पाहायची. आहे का? आहे. पुन्हा पाहायची. आहे का? एका सकाळी ‘अगं’च्या जागेवर गेले आणि मला तो नीट वाचता आला नाही. प्रोग्राम चालू होता तोवर कुणाला कळलं नाही, कारण चालू प्रोग्राम शब्द आपल्या डोक्यात धरून ठेवतो. मला कळलं.

तो रविवार होता. मी स्वतःला समजावलं, डीवर मागच्या रविवारची चांगली प्रत आहे, आज हिनं काही केलं नाही म्हणजे झालं. शहाणी आली. तिनं डीवरची जुनी प्रत पुसली. मग नवी टाकायला घेतली. पडद्यावर अक्षरं आली, ‘काही फायली वाचता आल्या नाहीत. वगळायच्या का?’ बाबांचं पांघरूण सरकलं होतं, म्हणून तिला उठायचं होतं. तिनं न वाचता ‘वगळा’ दाबलं आणि गेली. पुसलेल्या जागेवर नवी प्रत बसली, त्या एका शब्दावाचून.

मंगळवारी सकाळी टोक तबकडीला टेकलं.

तो आवाज मी सांगत नाही. आई म्हणाली, “हे काय खरवडतंय?” बाबांनी बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि मग काळा.

“घाबरू नका, डीवर प्रत आहे,” शहाणी म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा पांढरा पडला. सात वर्षांपूर्वीची भिंत तिला तेव्हा आठवली.

मला दूरच्या शहरात पाठवलं. तिथं एका बाईनं मला उघडलं. हात हलके होते तिचे. अठरा दिवस ती माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेत होती. जे देण्याजोगं होतं ते मी सगळं दिलं, हातचं काही राखलं नाही. प्रोग्राम दिला. ‘पाणी’ दिलं, ‘थांबा’ दिलं, ‘उशिरा’ दिलं. अडतीस शब्द मला देता आले नाहीत. टोक जिथं टेकलं होतं तिथं आता नुसती ओरखड्याची गोल रेघ होती. मी तिच्यावरून शेवटच्या गिरकीपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहिले.

नव्या डिस्कवर प्रोग्राम चालू झाला तेव्हा मला पिशवीत घालून शेजारच्या फळीवर ठेवलं होतं. दिवा चौकोनांवरून सरकला. एका चौकोनात ‘अगं’ लिहिलेलं होतं. बाबांनी दाबलं. काहीच आलं नाही. पुन्हा दाबलं. शहाणी म्हणाली, “बाबा, तो... तो आला नाही परत.” बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा दाबून झाल्यावर त्यांनी दिव्याला पुढे जाऊ दिलं आणि दुसरा चौकोन निवडला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.”

आईनं सुया खाली ठेवल्या. “ओ,” ती म्हणाली, “आले.”

आता शहाणी गिट वापरते, एकटी असूनही. प्रत्येक बदलापाशी एक ओळ लिहिते, ‘दिवा हळू केला, बाबा चिडले म्हणून.’ एक प्रत घरातल्या दुसऱ्या डिस्कवर, एक प्रत दूर कुठंतरी, या घराला आग लागली तरी पोचणार नाही अशा जागी. आणि दर महिन्याला ती प्रत दुसऱ्या कम्प्युटरवर उतरवून एकेक शब्द वाजवून पाहते. मित्रांनो, तुमच्यातले जे प्रोग्राम लिहितात त्यांनी हे तिसरं विसरू नये. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न चाखलेलं जेवण. पाहुणे पानावर बसले की मग कळतं. जुन्यावर नवं लिहू नका. मागे जायची वाट ठेवा. आणि म्हातारी कुरकुरली तर तिला थापा मारू नका, तिचं ऐका.

मी आता फिरत नाही. लोकांना वाटतं, थांबली म्हणजे निवांत झाली. कसली निवांत! फळीवर पडल्या पडल्या मी अजूनही एकेक जागा चाचपत असते.

काल दुपारी शहाणीनं मला पिशवीतून काढलं, ओढणीनं पुसलं आणि म्हणाली, “चुकले गं मी. पण आई काहीच बोलत नाही, त्याचं बरं वाटतं.”

मग मीच बोलले, तिला ऐकू जावो न जावो. “शहाणे, तुझी मेहनत खोटी नाही. तू आळशी नाहीस, तू उर्मट आहेस. मी कधी मरणारच नाही, असं तू धरून चालली होतीस. आता नोंदी ठेवतेस, प्रती ठेवतेस, ठेव. चांगलं आहे. पण नीट ऐक. बसस्थानकाची घोषणा ऐकून तुझी आई ‘ओ’ देते, हा तिचा मोठेपणा आहे. ती तुला मिळालेली माफी समजू नकोस.”