चार घरांची पाटी

पाटीवाल्याच्या वडिलांनी बँकेसाठी पहिली पाटी रंगवली तेव्हा पलीकडच्या देशाची एक नोट आपल्या दोन नोटांना मिळायची. तो दोनाचा आकडा त्यांनी पक्क्या तेलरंगात काढला होता, कारण तो कधी बदलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पुढे एका लढाईनंतर दोनाचे पाच झाले, मग पाचाचे सात. सातावर मात्र भाव असा ठाण मांडून बसला की पाटीवाल्याचा मुलगा शाळेत गेला, मोठा झाला, त्याच बँकेत हंगामी कारकून म्हणून चिकटला, तरी पाटीवर आपले सातच. उडालेला रंग तेवढा पाटीवाला अधूनमधून भरून द्यायचा.

एक दिवस बँकेचे मोठे साहेब स्वतःच त्याच्याकडे आले. एरवी शिपाई यायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. साहेबांनी दार लोटून घेतलं, टर्पेंटाइनच्या वासाने नाकाला रुमाल लावला आणि नमुना पुढे केला. सगळ्या शाखांसाठी नव्या पाट्या. आकडे रंगवायचे नाहीत, पत्र्याचे सुटे कापायचे, खाचेत सरकवता येतील असे. आणि खाचा चार.

"साहेब, काहीतरी चुकलंय," पाटीवाला म्हणाला. "सात लिहायला एक घर पुरतं. फार तर दोन ठेवू."

"चार म्हणजे चार."

"पण चार घरं भरायची म्हणजे भाव हजारात..."

साहेबांनी फळीवर पाकीट ठेवलं. "ही आगाऊ रक्कम. पाट्या कापडात शिवून पाठवायच्या. आणि तुमचा मुलगा पुढच्या महिन्यात कायम व्हायचाय ना? गुणी पोरगा आहे. त्याचं नुकसान व्हावं असं तुम्हालाही वाटत नसणार."

ते गेल्यावर त्याने पाकीट उघडलं. आत पलीकडच्या नोटा होत्या. आपल्या देशाची बँक आपल्याच नोटांत मजुरी द्यायला तयार नव्हती. पाटीवाल्याला आधी ताई आठवली.

कारण त्याच सुमारास ताईच्या घराचा सौदा ठरत आला होता. ताई त्याची थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून एकटीच. जिने चढून गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने ठरवलं होतं की घर विकायचं, पैसे बँकेत टाकायचे, एक खोली भाड्याने घ्यायची आणि व्याजावर सुखाने दिवस काढायचे. दुपारी तो तिच्याकडे गेला तर ती भलतीच खुशीत.

"गिऱ्हाईक दिलदार निघालं बघ. घासाघीस नाही, काही नाही. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तर लगेच हो म्हणाला. फक्त म्हणतो, या आठवड्यातच उरकून टाकू."

पाटीवाल्याने कप खाली ठेवला. "ताई, नको विकूस इतक्यात."

"का रे?"

"असंच. मन खातंय. आणि विकलंसच, तर पैसे बँकेत ठेवू नकोस. सोनं घे, जमीन घे."

"पोरगा त्या बँकेत नोकरीला, आणि तू मला सांगतोस बँकेत ठेवू नकोस?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्यामागे घर तुझ्या पोराला मिळेल असं धरून चालला होतास ना? आता हातचं जातंय म्हणून जीव तळमळतोय."

"तुझी शपथ, तसं नाही."

"मग कसं आहे? कारण असेल तर सांग."

कारण जिभेच्या टोकावर होतं. पण कायम झाल्यावर लग्नाचं बघू म्हणणारा मुलगा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

"कारण काही नाही."

"मग चहा पी आणि गप्प बस."

घर विकलं गेलं. पाट्या लागल्या. कापडाखाली त्या लटकत राहिल्या तेव्हा रांगेतले लोक थट्टा करायचे, "आत काय नवी नवरी बसवलीय का? काढा की पडदा!" पाटीवाल्याला हसू येत नव्हतं. मग एका सोमवारी बँक उघडलीच नाही. मंगळवारी उघडली तेव्हा कापड निघालेलं होतं आणि चारही घरं भरलेली होती.

ताईच्या घराच्या पैशात त्या दिवशी एक बरी गादी आली असती. आठवड्याने उशीही आली नसती. खोलीचा मालक पलीकडच्या नोटांत भाडं मागू लागला, तशी ती बोचकं घेऊन भावाच्या दारात आली. आत येताना तिला कोपऱ्यात एक उरलेली पाटी दिसली.

"ही कधी केलीस?"

"तुझं घर जायच्या आधी," तो म्हणाला. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

तिने बोचकं आत नेऊन ठेवलं. त्यानंतर भावजयीशी बोलायची, भाच्याशी बोलायची, भाऊ समोर आला की भिंतीकडे बघायची.

मग एका दुपारी मुलगा धावत घरी आला. शर्टाची बाही फाटलेली, ओठातून रक्त. "बाबा, बँकेच्या काचा फोडल्या. कुणीतरी ओरडलं, पाट्या आधीच करून ठेवल्या होत्या, करणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. ते इकडेच यायला निघालेत."

गल्लीतला गोंगाट वाढत वाढत दारापाशी आला. पाटीवाला उठला, पण ताईने त्याला बाजूला सारलं, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"कुठंय तो? त्याला माहीत होतं!"

"मला ओळखता ना?" तिचा आवाज जराही हलला नाही. "अख्खं घर विकून पैसे बँकेत टाकले मी. तो माझा सख्खा भाऊ. त्याला माहीत असतं तर मला नसतं सांगितलं?"

पुढचे दोघेतिघे मागे सरकले. तिने दार लावून कडी घातली.

"गेले नाहीत अजून," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याशी. "कोपऱ्यावर थांबलेत. बायकोला नि पोराला घे आणि मागच्या दाराने नीघ."

"आणि तू?"

"माझं आता काय घेणार आहेत ते?"

तो चपला शोधू लागला, तेवढ्यात छपराच्या पत्र्यावर दाणकन दगड आदळला.