पैलवानाची अंडी

आयुष्यभर लोकांच्या दाढ्या केल्या आणि म्हातारपणी एक दाढीवालाच गळ्यात पडला, असं सलूनवाले बाबा गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा काचेच्या पेटीतला तिचा हातभर लांबीचा सरडा त्यांच्याकडे ठेवून गेली. हनुवटीखाली काट्यांची काळी झालर, म्हणून जात दाढीवाली. नाव पैलवान.

पेटीवर तिनं कागद चिकटवला होता. एक बाजू दिव्याखाली तापलेली, दुसरी गार. खायला द्यायच्या किड्यांना कॅल्शियमची भुकटी चोळायची. पाला रोज ताजा. बाबा ते सगळं वस्तऱ्याला धार लावावी तसं मन लावून करत.

तिसऱ्या महिन्यात पैलवानानं खाणं टाकलं. दिवसभर कोपऱ्यातली काच ओरबाडायचा. बाबांना वाटलं, पोरीच्या आठवणीनं झुरतोय. फोनवर मात्र ते म्हणाले, "मजेत आहे. तू कशी आहेस?"

"मजेत," लेक म्हणाली.

पाचव्या दिवशी त्याचे डोळे खोल गेलेले दिसले. शनिवार होता, तीन गिऱ्हाइकं बसली होती. बाबांनी हातातली दाढी पूर्ण केली, बाकीच्यांना हात जोडले आणि दुकानाचं शटर ओढलं. बुटांच्या खोक्यात टॉवेल, टॉवेलात कोमट पाण्याची बाटली, तिच्या उबेला पैलवान.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दोन बोटांनी हळूच चाचपलं. आत द्राक्षांसारख्या गाठी लागत होत्या. एक्स-रे काढून आणल्यावर त्या म्हणाल्या, "काका, हा पैलवान नाही, बाई आहे. पोटात अंडी आहेत."

"अहो, पण ही जन्मभर एकटी आहे!"

"कोंबडी नाही का घालत नराशिवाय? तसंच. यातून पिल्लं निघत नाहीत, पण अंडी बाहेर यायलाच हवीत. खणायला जागा नाही म्हणून ती अडून बसली आहे. अडकली तर जिवावर बेतेल."

बाबांचा चेहरा पडला. "माझंच चुकलं. समोर ओरबाडत होती आणि मी..."

"तुम्ही घेऊन आलात ना? पुष्कळ जण आणतही नाहीत. उद्यापर्यंत वाट पाहू, नाहीतर ऑपरेशन."

घरी येऊन बाबांनी मोठ्या टबात वीतभर वाळू भरली, बोगदा ढासळणार नाही इतपत ओली केली, वर दिवा लावला. कुणी बघत असलं तर ती खणणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं कापड त्यांनी टबाभोवती गुंडाळलं आणि पाठ करून बसले. बराच वेळ काहीच नाही. मग वाळू उडाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी त्यांनी कापड सारलं, तेव्हा ती नाकानं वाळू थोपटत होती. पोट पार खपाटीला गेलेलं. वाळूत एकोणीस अंडी निघाली. बाबांनी बोटावरून पाण्याचे थेंब सोडले, ते तिनं चाटून घेतले.

मग त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून.

ती आधी चिडली. "पाच दिवस, बाबा? आणि मला मजेत म्हणून सांगत होतात?"

"तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. मी फार घाबरलो होतो गं."

मग ती रडायलाच लागली. "मी पण मजेत नाहीये, बाबा. महिना झाला, धड जेवण जात नाही. इथं बोलायला कुणी नाही."

बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी दुकान बंदच असतं. पहिल्या गाडीनं येतो."

"आणि पैलवान?"

"डॉक्टरीणबाई ठेवून घेतील दोन दिवस. मी बोलतो त्यांच्याशी. तू काय खाशील ते सांग."