भिंतीवरच्या अकरा रेघा

"अकरा खेपा? एका दिवसात?" बबनरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मोजल्या मी," शकुबाई म्हणाली. "हे लोटा घेऊन निंगाले का मी भितीवर चुन्याची एक रेघ मारतो. भित भरली ना जी आमची."

शेजारी तिचा नवरा डोमाजी मान खाली घालून बसला होता. दोघं आंजीहून सकाळच्या गाडीने आले होते.

बबनराव वर्ध्याच्या दवाखान्यात कार्डं सांभाळणारे कारकून. चोवीस वर्षं त्याच खिडकीत, त्याच स्टुलावर. मोठ्या आतड्याला सूज येऊन रक्त पडणाऱ्या रोग्यांचे तिथल्या डॉक्टर जया मॅडमनी गेल्या वर्षापासून तीन गट पाडले होते. रोग एकच, पण सगळ्यांना एकच औषध देऊन भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सौम्य रोग्याच्या कार्डाला हिरवा दोरा, मधल्याला पिवळा, जोराच्या रोगाला लाल. दोरे बांधायचं काम बबनरावांचं, आणि त्याचा त्यांना डॉक्टरकीइतकाच अभिमान होता.

डोमाजीचं कार्ड मात्र मॅडमनाही कोड्यात टाकत होतं. ताप नाही, अंगात रक्त पुरेसं, दुर्बिणीत सूज दिसली तीही फक्त खालच्या टोकाला. पण तीन महिने औषध घेऊन खेपा सातावरून अकरावर गेलेल्या. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "सध्या लाल बांधा. सोमवारी सर्जनना दाखवू."

लाल दोऱ्याचा अर्थ शकुबाईला बाकावरच्या बायांनी केव्हाच सांगितला होता. बबनरावांनी गाठ मारली तशी ती रडायलाच लागली. "आतडं काढतीन, अन् पोटाले थैली लावतीन म्हन्तात. मंग मानूस वावरात जाते का, बाबूजी?"

तेवढ्यात डोमाजी पिशवीतला लोटा काढून उठला. "येतो मी जाऊन."

शकुबाईने डोळे पुसत कागदावर पेन्सिलीने रेघ मारली. संडास डावीकडे होता. डोमाजी उजवीकडे गेला, कडुनिंबामागे. बबनरावांनी खिडकीतून ते पाहिलं आणि कामाच्या वेळेत कधी न सोडलेलं स्टूल सोडलं.

लोटा जमिनीवर भरलेला तसाच होता, आणि डोमाजीच्या तोंडात बिडी.

"खऱ्या खेपा किती, डोमाजी?"

"तीन." डोमाजीने बिडी पाठीमागे लपवली. "बाकीच्या ह्याच्या. तिनं गळ्याची आन घातली हाय बिडीची. पन हाती लोटा असला का कोनी इचारत नाई ना जी, कुठी चालला म्हनून."

"अन् पहिले सात होत्या?"

"त्या खऱ्या होत्या. औषधानं बरं वाटाले लागलं, मंग बिडीची तलफ वाढली."

"अहो, पोट फाडून घ्याले निंगाले होते तुमी! काऊन नाई सांगतलं?"

"तिच्यासमोर कसं सांगू? अन् फाडतीन हे मले आजच समजलं."

बबनरावांनी त्याला दंडाला धरून मॅडमपुढे उभं केलं. शकुबाईसमोर त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. मॅडम आधी हसल्या, मग रागावल्या. पुन्हा पोट दाबून, नाडी बघून म्हणाल्या, "दुर्बीण खरं सांगत होती, भिंतच खोटी निघाली. औषध लागू पडलंय. सर्जनचं काम नाही. आणि बिडी बंद!"

बबनरावांनी लाल दोरा कापला आणि हिरवा बांधला. इतका आनंद त्यांना स्वतःच्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

शकुबाई चांगलीच कडाडणार असं सगळ्यांना वाटलं होतं. ती नवऱ्याला घेऊन गुपचूप निंबाखाली गेली. त्याच्या खिशातून तिने बिड्यांचं बंडल काढलं. खिडकीतून बबनराव पाहतच होते.

"ही शेवटची. माह्यासमोर प्या," ती म्हणाली. "अन् लोटा इकडे द्या."

डोमाजीने बिडी हातात घेतली, पण पेटवली नाही. शकुबाई लोटा मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिली.