नवव्या पानावरची हळद

ठसा उजव्या समासात होता, आकड्यापासून साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर. वर निमुळता, खाली पसरट, अंगठ्याचा असणार. रंग फिकट पिवळा. उत्कर्षाने कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. आदेश अकरा पानांचा होता. पहिली आठ पानं स्वच्छ. दहावं आणि अकरावंही स्वच्छ. तिच्या वडिलांनी किती कर भरायचा तो आकडा नवव्या पानावर होता, आणि हळद फक्त तिथेच होती.

लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ती सतरा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. डाग हळदीचा आहे हे ओळखायला तिला दोन सेकंद लागले. तो आत आला कसा, हे मात्र कळेना. सात आठवडे हा कागद लाल कापडात बांधलेला होता आणि तो कुणीच उघडला नव्हता. निदान महाराज तरी तसं सांगत होते.

महिपती महाराजांना लोक निकाल महाराज म्हणत. मार्केट यार्डाच्या भुसार विभागामागे एका हळदीच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं. दर गुरुवारी दुपारी तिथली पोती भिंतीकडे सरकवून दरबार भरे. गूळवाले येत, ट्रान्सपोर्टवाले येत, जमिनी विकून बंगले बांधलेले शेतकरी येत, गळ्यात ऑफिसचा पट्टा अडकवलेली आयटीतली मुलंही येत. सगळ्यांच्या हातात लाल पुडकं, आणि पुडक्यात आयकर खात्याचा कागद. महाराजांचा सेवेकरी श्रीधर पुडकी गोळा करून पडद्याआड नेई, तासभर पायाशी ठेवी आणि भंडारा लावून परत देई.

"मी कागद उघडत नाही," महाराज डोळे मिटून सांगत. "कागद वकील उघडतो. मी गाठ उघडतो. नोटीस म्हणजे ग्रहण. ग्रहण कुणी भांडून सोडवलंय का? ते सुटतं. तुम्ही फक्त मधे येऊ नका."

आणि ग्रहणं खरोखर सुटत होती. उत्कर्षाला खटकत होतं ते हेच. नऊ वर्षं ट्रायब्युनलमध्ये अडकलेला सर्जेराव ट्रान्सपोर्टवाला सप्टेंबरात सुटला आणि त्याने गोदामभर पेढे वाटले. पाठोपाठ बाकीचे. दिग्विजय नावाचा विश्रांतवाडीचा एक इंजिनिअर या चमत्कारांची मोबाइलवर एक्सेल शीट ठेवत असे. तो सगळ्यांना सांगे, "सत्तावीस केसेस क्लिअर. हा डेटा आहे, बिलीफ नाही."

उत्कर्षाच्या वडिलांना, हिंदुरावांना, महाराजांनी पुडक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तुमचं हलकं आहे. सुटेल. दसऱ्यापर्यंत गाठ सोडू नका."

"उघडलंस?"

हिंदुराव दारात उभे होते.

"उघडलं, अण्णा."

"मग संपलं. पुन्हा लागलं ग्रहण."

"आधीचं सुटलं कुठंय? आदेश आठ ऑगस्टला आला. अपिलाला साठ दिवस असतात. सोमवारी साठावा दिवस, खंडेनवमी. दसरा मंगळवारी आहे. महाराजांनी तुम्हाला बरोबर एक दिवस जास्त थांबवलंय."

"तुला लई हिशेब येतो. सर्जेरावानं काय केलं? गप बसला. सुटला."

"तुम्ही फॉर्मवर सही करा. बाकीचं मी बघते."

हिंदुरावांनी पाठ फिरवली. फॉर्म तीन आठवडे तिच्या पर्समध्ये होता आणि तीन आठवडे हेच चाललं होतं. दोन हजार अकरा साली त्यांनी शिवेवरची पाच एकर एका बिल्डरला दिली तेव्हा त्यांच्यापुढे एक जाड दस्त ठेवला गेला होता. "बाबा, इथं, इथं आणि इथं," असं म्हणत कुणीतरी पानं उलटत गेलं. संध्याकाळी कळलं की विहीर आणि विहिरीकडची वाटही त्या दस्तात गेली. तेव्हापासून ते बँकेत अंगठा देत. सही येत असून. महाराजांचं त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल तर ते सही मागत नाहीत, हे.

आता कालव्याकडची दोन एकर उरली होती. अपील झालं नाही तर खातं वसुली करणार, आणि वसुलीला दुसरं काहीच नव्हतं.

गुरुवारी सकाळी उत्कर्षा बाजीराव रस्त्यावर शरच्चंद्रांच्या ऑफिसात गेली. हे जुने करसल्लागार. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं: 'सल्ला विकत मिळेल. धीर घरून आणावा.'

"सही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मंगळवारी विलंबमाफीचा अर्ज करू. कारण काय लिहू? महाराजांनी थांबायला सांगितलं होतं?"

"काका, केस तरी खरंच चांगली आहे ना?"

"अहो, तुम्ही विकलेली पाच एकर कुठे येते ते बघायला अधिकाऱ्याने नकाशावर पट्टी ठेवली. महापालिकेच्या हद्दीपासून सात किलोमीटर चारशे मीटर. आठच्या आत, म्हणून ती शेतजमीन नाही, म्हणून कर. रस्त्याने किती भरतं?"

"आठ किलोमीटर सहाशे. कालव्याला वळसा आहे. स्कूटरवर मी तीनदा मोजलं."

"त्या सालच्या व्यवहारांना अंतर रस्त्याने मोजायचं, असे उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पट्टीचा नियम नंतर आला. तुमच्या वडिलांची बाजू भक्कम आहे. फक्त त्यासाठी अपील करावं लागतं, अशी आपली एक जुनी पद्धत आहे."

मग उत्कर्षाने तो प्रश्न विचारला, जो ती वर्गात प्रत्येक प्रयोगाला विचारायची. "जे महाराजांकडे गेले नाहीत, त्यांचं सप्टेंबरात काय झालं?"

शरच्चंद्रांनी चष्मा काढला. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्यांनी एक यादी तिच्यापुढे सरकवली. "खात्याने केलेली एकशे बारा अपिलं, सगळी निकाली. ऑगस्टमध्ये परिपत्रक आलं. वादातला कर पन्नास लाखांच्या आत असेल तर खात्याने ट्रायब्युनलमधलं आपलं अपील चालवायचं नाही. काही अपवाद सोडून. कोर्टांवरचा भार कमी करायचा म्हणून. खात्याने अपिलं सोडली, लोक सुटले. त्यात माझा एक चुलतभाऊ आहे. तो कुठल्याही महाराजांकडे गेला नव्हता. त्या दिवशी त्याने अंघोळसुद्धा उशिरा केली."

"पण कोण सुटणार हे महाराजांना कसं कळतं?"

"त्यांचा तो सेवेकरी श्रीधर आहे ना? अकरा वर्षं माझ्याकडे फायली लावायचा. पन्नासच्या खाली डावं कपाट, वर उजवं. आत काय लिहिलंय ते त्याने कधी वाचलं नाही. आकडा बघायचा आणि कपाट उघडायचं."

नववं पान उत्कर्षाच्या डोळ्यांसमोर आलं.

"म्हणजे अपील कुणी केलंय, हेही तो बघत नसणार."

"कशाला बघेल? ते बघायचा पगार मी त्याला देत नव्हतो."

दुपारी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. हवेत हळदीची बारीक धूळ होती. घशाला कोरड पडत होती. हिंदुराव पुढच्या रांगेत, पुडकं मांडीवर. लेकीने गाठ पुन्हा बांधून दिली होती, पण त्यांना चैन नव्हतं. दाराशी भैरू हमाल पोत्यावर बसून तंबाखू मळत होता.

"भैरूभाऊ, थोडा चुना द्याल?"

भैरूने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्याडम, कॉलेजात शिकवता ना तुम्ही?"

"आज इथे शिकवायचंय."

तिने डब्याच्या झाकणात चुना पाण्यात कालवला, रुमालाचं टोक त्यात भिजवलं आणि ती पुढे गेली. महाराज सांगत होते, "सरकार कागदावर चालतं. कागद माझ्या पायाशी. मग सरकार कुठे?" लोक हसले. तेवढ्यात ती म्हणाली, "महाराज, पुडकी आत कुणी उघडतं का?"

"गाठ सुटली तर फळ जातं, बाई. कोण उघडेल?"

"मग सगळ्यांनी आपापली पुडकी आत्ता उघडून बघूया. फळ जायचं ते आमचं जाईल. आमचं आधीच उघडलंय."

कुजबुज सुरू झाली. सर्जेराव उठला. "माझं तर सुटलंय. मला कसली भीती? घ्या."

तिने त्याच्या कागदाचं पहिलं पान रुमालाने टिपलं. काही झालं नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. सहाव्या पानावर कराचा आकडा होता. तिने समासाला रुमाल लावला आणि कागदावर हळूहळू एक लालभडक अंगठा उमटला.

मागून एक बाई म्हणाली, "रक्त आलं की."

"रक्त नाही, मावशी. हळद आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. घरी कुंकू असंच करायचे ना? फिकट हळद डोळ्यांना दिसत नाही, चुन्याला दिसते."

दिग्विजयच्या कागदात तिसरं पान लाल झालं. हिंदुरावांच्यात नववं. जिथे आकडा तिथे अंगठा. बाकी पानं कोरी.

"ही देवाची बोटं आहेत," महाराज म्हणाले.

"देवाला फक्त आकडेच का वाचावे लागतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. श्रीधरने उजवा हात हळूच उपरण्याखाली घेतला. ते पुढच्या तीन रांगांनी पाहिलं.

"दिग्विजय," उत्कर्षा वळली, "तुझ्या शीटमध्ये किती नावं आहेत?"

"सत्तावीस, मॅडम. सगळे क्लिअर."

"जे सुटले नाहीत ते?"

"ते... दुसऱ्या टॅबमध्ये. पेंडिंग. चौदा. त्यांतल्या बहुतेकांना महाराजांनी पूर्वजांचा दोष सांगितलाय."

"दोन्ही एकत्र कर. आणि कराच्या रकमेप्रमाणे लाव."

त्याने बोट फिरवलं. मग तो ओठ हलवत स्क्रीन वाचू लागला.

"वाच की मोठ्याने," सर्जेराव म्हणाला.

"पन्नास लाखांच्या खाली... सगळे सत्तावीस सुटलेत. वरचे अकरा, सगळ्यांना दोष." त्याचा आवाज बारीक झाला. "मॅडम, ही तर सरळ कट-ऑफ आहे. मी कॉलमच चुकीचा सॉर्ट करत होतो."

"पूर्वजांना पन्नास लाखांचा हिशेब कळतो म्हणायचं," भैरू दारातून म्हणाला.

उत्कर्षाने परिपत्रकाबद्दल सांगितलं, एकशे बारा जणांची यादी दाखवली. त्यातले हे सत्तावीस वगळले, तर उरलेल्या पंच्याऐंशी जणांनी महाराजांचं नावही ऐकलं नव्हतं आणि तेही त्याच महिन्यात सुटले होते.

"आणि पन्नासच्या खाली असून न सुटलेले?" तिने विचारलं.

"तीन. हिंदुराव काका, अजून दोन."

"त्या तिघांचं पहिलं पान कुणी वाचलं नाही. तुमच्याविरुद्ध अपील खात्याने केलं होतं. खात्याने सोडलं, तुम्ही सुटलात. हे तिघं आपली केस हरलेत. खातं सोडणार काय? अपील यांनीच करायचंय, आणि तेही साठ दिवसांत. इथे त्यांना गप्प बसायला सांगितलं गेलं. माझ्या वडिलांचे चार दिवस उरलेत."

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "महाराज, खरं हाय का हे?"

महाराजांनी डोळे मिटले. "श्रद्धेला पुरावा लागत नाही."

"श्रद्धेला नसेल लागत. ट्रायब्युनलला लागतो," उत्कर्षा म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता, त्यामुळे लोकांना गप्प बसून ऐकावं लागलं. "कागद तुमच्या नावाने आलाय. तो स्वतः वाचा. इंग्रजी येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून वाचून घ्या, आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून तपासून घ्या. त्यावरची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. कुणी म्हणालं, हे सुटलं, ते सुटलं, तर विचारा, इथे न आलेल्यांचं काय झालं? एवढं विचारलंत तरी पुरे. कुठलाही निकाल तुम्ही गप्प बसल्याने तुमच्या बाजूने लागत नाही."

निम्मे लोक उठले. निम्मे बसून राहिले. काहींनी पुडक्याच्या गाठी आणखी घट्ट केल्या. सर्जेराव लाल अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आणि मी पाच किलो पेढे वाटले." श्रीधर कुठे दिसत नव्हता. दोघं जण लगबगीने उत्कर्षाकडे आले. त्यांना आपलं पहिलं पान वाचून हवं होतं. तिने ते वाचलं, तारखा सांगितल्या. एकाला नऊ दिवस होते. दुसऱ्याची मुदत टळून गेली होती. त्याला तिने शरच्चंद्रांचा पत्ता लिहून दिला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

बाहेर गुळाच्या ढेपांनी भरलेला टेम्पो मागे येत होता. हिंदुराव त्याच्या आडोशाला उभे होते. लाल कापड त्यांनी घडी करून खिशात घातलं होतं. कागद उघडा, हातात. नवव्या पानावरचा लाल अंगठा ते निरखत होते.

"फॉर्म हाय का जवळ?"

उत्कर्षाने पर्समधून काढून दिला. त्यांनी तो हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. पानं मोजली. सहा.

"त्या टायमाला कुणी वाचून दावलं नव्हतं," ते म्हणाले. "मी बी इचारलं नाय."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. हिंदुराव बाजूला झाले नाहीत.

"हिथंच बस. पैल्या पानापासनं वाच, एक वळ सोडू नको." त्यांनी तिच्या पर्सला लावलेलं पेन काढून घेतलं. "मग मी सही करतो."