पहिल्या अंकातला ‘येतो’

“कट. मामा, तुमी परत ‘येतो’च म्हनले.”

“म्हनलो काय?” खुशालरावांनी काचेच्या टोपाआडून विचारलं.

अमरावतीत भाचीच्या घराच्या उंबऱ्यावर ते अंतराळवीर होऊन उभे होते. भावना कॉलेजच्या स्पर्धेसाठी विज्ञानपट काढत होती. गाडी झाकायच्या चंदेरी कापडाचा पोशाख खुशालरावांनीच अकोल्यात, जुन्या शहरातल्या आपल्या दुकानात शिवला होता. हिरो नितेश माप द्यायला आलाच नाही. मग त्यांनी स्वतःच्या मापाने कापड बेतलं. नितेशच्या तो गुडघ्यापर्यंतच चढला, म्हणून नितेशकडे कॅमेरा आला आणि मामा हिरो झाले.

“अवकाशात जाऊन राहिले, अन् चष्मा घरचाच,” नितेश म्हणाला.

“तू बारीक झाला असता तं मी दुकानात बसलो असतो,” खुशालराव म्हणाले.

शेजारच्या मनकर्णाबाई अंतराळवीराची बायको झाल्या होत्या. हसल्या की त्यांचा पदर घसरे. “भावना वं, लवकर आटप. माह्यी दाळ भिजू घातली हाये.”

भावना मामांजवळ आली. “मामा, सिनेमाचे तीन अंक असतात. पयला अंक या दारात संपते. मांगचा रस्ता बंद झाल्यासारखा वाटला पायजे, तवाच दुसरा अंक जोर धरते. तुमी ‘येतो’ म्हनलं, का लोक वाट पाहत बसतात.”

“मंग बसू दे नं.”

“तसं नाही. तो तिकडच्या ग्रहावर सात दिवस राहते. इकडं साठ वर्षं निंघून जातात. तिसऱ्या अंकात तो घरी येते, तं बाई नसते.”

“म्हंजे येते तं खरा.”

भावनाने हातातल्या संवादाच्या कागदाकडे पाहिलं.

“मंग ‘जातो’ म्हनून तिले खोटं काहून सांगू?”

“अंधश्रद्धा हाये मामा ते, जातो म्हनू नाही वगैरे.”

“असन.” खुशालरावांनी टोप काढून काखेत धरला. “आनखी एक डाव घेऊ.”

पुन्हा कॅमेरा सुरू झाला. मनकर्णाबाई दारात आल्या. खुशालरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, ‘जा’ म्हणून तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. ऑटोत बसताना त्यांची बायको पार्वता म्हणाली होती, येतो मी. वऱ्हाडातल्या बायांसारखी तीही ‘येतो’च म्हणायची. दवाखान्यातून ती आली नाही. त्याला दोन वर्षं झाली होती.

“नाही होत पोरी,” ते म्हणाले. “तुही मामी येतो म्हनूनच गेली. लोक म्हनतात, बिचारी बोलली एक अन् झालं एक. पन ते खोटं नव्हती बोलली. तिले यायचंच होतं. मी ‘जातो’ म्हनलो, तं तिचा शब्द मीच खोटा पाडल्यासारखा होईन.”

नितेशने कॅमेरा खाली घेतला. मनकर्णाबाईंनी पदर सावरला.

भावनाने संवादाचे कागद चाळले. तिसऱ्या अंकात परतलेल्या वीराचं दीड पानाचं रडणं होतं. ती बराच वेळ ते वाचत राहिली.

“‘येतो’च म्हना,” ती म्हणाली. “लोकं पाहू दे वाट. मंग शेवटी एवढं बोलाचं कामच नाही.”

“बरं झालं. दीड पान मले पाठ झालंच नव्हतं.”

शेवटचा प्रसंग एका झटक्यात झाला. खुशालराव दारात आले, चपला नसलेले पाय सवयीने पायरीवर घासले आणि म्हणाले, “आलो बरं.” मग आतून काही येतं का ते ऐकत उभे राहिले. ‘कट’ म्हणायचं भावनाच्या लक्षातच राहिलं नाही.

पोशाखाची चेन मात्र अडकली. “कापतो,” नितेश म्हणाला. खुशालरावांनी त्याच्या हातातून कात्री काढून घेतली. “हात नको लावू. घरी जाऊन सुईनं काढतो.” ते तसेच स्टँडवर गेले आणि अकोल्याच्या एस.टी.त चढले.

“कोन्या गावचे?” कंडक्टरने तिकीट फाडत विचारलं.

“अकोल्याचाच हाये. कामाले गेलतो.”

गाडीत लोक हसले, तेही हसले. बडनेऱ्याला गर्दी चढली. कडेवर पोर घेतलेली एक बाई त्यांच्याजवळ थांबली. खिडकीची जागा रिकामी होती. बाहेरचं बघत जायची आवड पार्वताला, म्हणून खुशालराव नेहमी अलीकडेच बसत.

“इथं कोनी येनार हाये काय हो?” बाईने विचारलं.

खुशालराव चंदेरी कापड आवरत उठले.

“नाही,” ते म्हणाले. “कोनी येनार नाही. बस बाई खिडकीपाशी.”