बद्रीनाथांचा समुद्र

रिटायर होऊन चौथा महिना लागला, तेव्हा बद्रीनाथांनी जाहीर केलं की आपण आता समुद्राकाठी राहायला जायचं. जाहीर केलं तेही गिरणीत, दळण घेऊन आलेल्या पाच-सहा बायांसमोर. त्यांची बायको आशाबाई तेव्हा चक्कीत गहू ओतत होत्या. आवाजात त्यांना धड ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. बद्रीनाथांनी तो होकार धरला आणि आठवड्याच्या आत दापोलीच्या पुढं कुठल्याशा गावातल्या एजंटाला फोनही करून टाकला.

"तुम्हाला कोण म्हणलं मी येते म्हणून?"

"तूच मान डोलावली. पाच बाया साक्षीला आहेत."

आशाबाईंनी कपाळावरचं पीठ पुसलं. या माणसाशी वाद घालायचा तर चक्की बंद करावी लागते, आणि चक्की बंद केली की बाहेरच्या बाया ओरडतात.

मुकुंदवाडीतली ही गिरणी त्यांनी बावीस वर्षं एकटीनं चालवली होती. बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीवर होते. एकतीस वर्षं शिफ्टच्या बसनं गेले, शिफ्टच्या बसनं आले आणि सुट्टीच्या दिवशी पडून झोपले. पोरीची शाळा, पोरीचं लग्न, सिल्लोडकडच्या सासरचे पाहुणे, आठ दिवसांनी येणारा नळ, सगळं आशाबाईंनी निभावलं. त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. तक्रार होती ती आताची. आता नवरा दिवसभर गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. कुणाचा डबा आधी, कुणाचा नंतर, हे बद्रीनाथांनी ठरवायला घेतलं होतं. त्यापायी दोन जुनी गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीतल्या गिरणीकडं वळली होती. उरलेला वेळ मोबाईलवर समुद्राकाठच्या घरांचे व्हिडिओ चालायचे, तेही मोठ्या आवाजात.

"जन्म गेला नळाची वाट बघण्यात," ते म्हणायचे. "आता डोळ्यासमोर पाणीच पाणी पाहिजे."

"ते पाणी पिता येतं का?"

"तुला कशाचं कौतुकच नाय."

होळी झाली आणि बानाबाईवर गिरणी सोपवून दोघं निघाले. बानाबाई आशाबाईंच्या हाताखाली काम करायची, भरवशाची होती, पण ज्वारीच्या चक्कीचा पट्टा सरकला की घाबरायची. पुण्यापर्यंत आशाबाईंनी तिला चार फोन केले. पुण्यात बस बदलली. घाटात त्यांना मळमळलं. बद्रीनाथ खिडकीशी बसून, अजून डोंगरही संपले नव्हते तरी "हवा बदलली बघ" म्हणत होते.

हवा बदलली होती हे खरं. बसमधून उतरल्या उतरल्या आशाबाईंचं लुगडं अंगाला चिकटलं. घरून आणलेल्या दशम्या मऊ पडल्या होत्या. एजंट मयेकर मोटारसायकल घेऊन हजर होता, आणि तो पहिलं वाक्य बोलला ते, "चला, समुद्र दोन पावलांवर."

ती दोन पावलं अर्धा तास चालली. वाट जांभ्या दगडाची, चढ-उताराची. पहिलं घर नवं होतं, बंद होतं आणि आत कोंदट वास भरलेला. समुद्र कुठंय, असं आशाबाईंनी विचारलं.

"गच्चीवरून दिसतो."

गच्चीवर गेले. दिसली ती आंब्याची झाडं.

"जरा या कठड्यावर चढलात, आणि डावीकडं वाकलात तर..."

बद्रीनाथ, वय साठ, गुडघे दुखणारे, कठड्यावर चढले. "दिसला! आशा, दिसला! तू पण ये."

"तुम्ही खाली उतरा आधी."

दुसरं घर टेकडीवर. तिथून समुद्र छान दिसत होता, पण तिथवर रस्ता नव्हता आणि मोबाईलला रेंज नव्हती. गिरणीत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही, म्हणून आशाबाई कासावीस झाल्या. बद्रीनाथांना तेही घर पसंत पडलं. पहिलंही पडलं होतं. भिंतीला ओल आहे, असं त्या म्हणाल्या, तर "खारं वारं आहे, असायचंच" असं उत्तर मयेकरच्या आधी नवऱ्यानंच दिलं. घर विकणाऱ्याचं निम्मं काम तेच करत होते.

"अहो, तुम्ही घेणारे आहात का विकणारे?" आशाबाईंचा आवाज चढला. मयेकरनं शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

तिसरं घर शेवंतीमावशींचं. कौलारू, बैठं, पुढं अंगण, मागं विहीर, आणि विहिरीपलीकडं सुरूची झाडं ओलांडली की खरोखरच समुद्र. मावशी सत्तरीच्या, एकट्या. घर विकून मुंबईला लेकाकडं जायचं म्हणत होत्या. ही मंडळी पोचली तेव्हा त्या विहिरीवर वाकून दोरीनं घागर ओढत होत्या.

"मोटर आहे ना तुमच्याकडं?" बद्रीनाथांनी लगेच विचारलं.

"आहे की. पण नुसती घुमते, पाणी येत नाही. दापोलीचा मेकॅनिक उद्या येतो म्हणतोय. आठ दिवस झाले त्या उद्याला."

"चालू करा बघू."

मोटर सुरू झाली. बद्रीनाथांनी मान तिरकी करून ऐकलं आणि घड्याळ काढून खिशात घातलं. आशाबाईंनी मोबाईलवर वेळ बघितली. परतीची बस तीनची होती.

"अहो, आपण घर बघायला आलोय."

"हवा ओढतेय ती. खालचा व्हॉल्व्ह गेलाय. पाना आहे का हो मावशी?"

पाना निघाला, गंजलेला. बद्रीनाथांनी शर्ट काढून झाडाला अडकवला, मयेकरला हाताशी घेतलं आणि विहिरीतला पाइप वर ओढायला सुरुवात केली. बिचारा मयेकर पांढऱ्या शर्टात होता. अर्ध्या तासानं त्याला एकदम दुसऱ्या गिऱ्हाइकाची आठवण झाली आणि तो निघून गेला. पण तोवर शेजारचे दोघंजण बघायला आले होते. त्यातला एक सायकलची जुनी ट्यूब घेऊन आला, कारण बद्रीनाथांना वॉशर कापायला रबर हवं होतं. दुसरा घरी गेला आणि बंद पडलेला मिक्सर घेऊन आला.

आशाबाई पायरीवर बसून हे बघत होत्या. दोन वाजले, अडीच वाजले.

"चला, तुम्ही तरी समुद्र बघून घ्या," मावशी म्हणाल्या.

दोघी सुरूंतून पलीकडं गेल्या. समुद्र मोठा होता, करडा होता आणि आवाज करत होता. आशाबाईंनी चपला हातात घेतल्या, पाण्यात पाय बुडवले. चांगलं वाटलं, हे त्यांना कबूल करावं लागलं. मग पायाखालची वाळू सरकली, त्या मागं झाल्या आणि कोरड्या जागी येऊन बसल्या.

"आमचे हे गिरणीत होते. मुंबईत, कापडाच्या," मावशी म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर इथं यायची कोण हौस! पहिलं वर्ष रोज इथं येऊन बसायचे. दुसऱ्या वर्षी ओटीवरून बघायचे. तिसऱ्या वर्षी मला म्हणाले, शेवंते, आता काय करू?"

"मग?"

"मग काय. मला तरी कुठं ठाऊक होतं. मी म्हटलं, नारळ सोला."

आशाबाईंना हसू आलं, आणि लगेच नवऱ्याचा राग आला, आणि त्या रागात काहीतरी निराळंही मिसळलं. गेल्या चार महिन्यांत खुर्चीवरून त्या माणसानं तीनदा विचारलं होतं, "मी काय करू?" तिन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "बसा ना निवांत."

परत आल्या तेव्हा बस गेलेली होती, विहिरीवर पाणी धो धो पडत होतं आणि काळेकुट्ट हात घेऊन बद्रीनाथ मिक्सर उघडून बसले होते. भोवती चारजण. "मिस्त्री, आमची पण मोटर बघाल का?" असं कुणीतरी विचारत होतं. नवऱ्याचा असा चेहरा आशाबाईंनी कधी पाहिलाच नव्हता. पाहणार कुठून? तो वाळूजला असायचा आणि घरी यायचा तो झोपाळलेला.

"समुद्र बघितला का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"आं? बघू की."

"चारशे किलोमीटर आलो, वकाऱ्या काढत आलो, आणि तुम्ही विहिरीत डोकं घालून बसलात! विहीर नव्हती का मुकुंदवाडीत?"

शेजाऱ्यांनी नजर विहिरीकडं वळवली. बद्रीनाथ मिक्सरचं पातं हातात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तिथं मला कोण विचारतंय? गिरणीवालीचा नवरा म्हणतात. तुझी चक्की बंद पडली तर तूसुद्धा चिकलठाण्याहून माणूस बोलावते."

"मी बोलावते? तुम्हाला झोपेतून कोण उठवणार होतं?"

"आता कुठं झोपलोय मी?"

आशाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं आदळला. "हात धुवा, मावशींनी भात टाकलाय," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मुक्काम मावशींकडंच झाला. सकाळी निघताना बद्रीनाथांनी शेजारची मोटरही जोडून दिली आणि बसच्या वाटेवर, पाच मिनिटं, पिशवी खांद्याला लावून समुद्राकडं बघितलं.

"लई मोठा आहे," ते म्हणाले.

"व्हय. मग घ्यायचं का घर?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मावशींच्या भिंतीला पण ओल आहे," शेवटी म्हणाले.

घर घेतलं नाही. आशाबाईंनी गिरणीच्या दारावर, स्वतःच्या पाटीखाली, मोटर दुरुस्तीची एक छोटी पाटी लावू दिली. महिन्याभरात सिल्लोडकडच्या गावांतून फोन येऊ लागले. शेतातल्या मोटरी, बोअरचे पंप, कुणाचं कडबाकुट्टीचं यंत्र. बद्रीनाथ सकाळी सातला स्कूटर काढतात ते दिवे लागल्यावर येतात, जेवता जेवता पेंगतात. जाताना आशाबाईंचे चक्की खोलायचे दोन पाने घेऊन जातात, विचारत नाहीत. ज्वारीच्या चक्कीचा पट्टा परवा तुटला तेव्हा आशाबाईंनी फोन लावला, तर ते कुठल्याशा विहिरीवर होते.

"उद्या बघतो," बद्रीनाथ म्हणाले.

आशाबाईंनी फोन ठेवला आणि चिकलठाण्याच्या माणसाचा नंबर शोधायला लागल्या.